डोक्याच्या आकारावर बेतलेले हेल्मेट

हेल्मेट घेताना डोक्याचे माप एकाच आकड्यात विचारले जाते. भुवयांच्या किंचित वर, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फीत फिरवायची आणि जो घेर येईल त्याप्रमाणे लहान, मध्यम किंवा मोठे हेल्मेट निवडायचे, अशी ही पद्धत आहे. माझा घेर ५८ सेंटीमीटर भरतो. त्या मापाचे हेल्मेट घातले की थोड्याच वेळात कपाळाच्या मध्यावर दाब येऊ लागतो आणि त्याच वेळी कानशिलांच्या वर बोट जाईल एवढी फट राहते. एक माप मोठे घेतले तर कपाळ सुटते, पण मान झटकन वळवली की हेल्मेट डोक्याबरोबर न वळता किंचित मागे रेंगाळते. मोटारसायकलवर रोज बराच वेळ काढणाऱ्या व्यक्तीसाठी हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, म्हणून मी डोके स्कॅन करून त्यावर बेतलेले, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट करून घेतले. या कामात स्कॅनरचा वाटा मोठा असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात स्कॅन हा सर्वांत सोपा टप्पा ठरला आणि खरे काम त्यानंतरच्या निर्णयांत होते.

घेर सारखा असला तरी डोकी सारखी नसतात, हे पहिल्याच भेटीत आकड्यांतून दिसले. स्कॅनर हातात घेण्यापूर्वी हेल्मेट करून देणाऱ्यांकडच्या तंत्रज्ञ बाईंनी वक्र टोकांच्या कॅलिपरने, म्हणजे दोन टोकांमधले अंतर दाखवणाऱ्या साधनाने, मापे घेतली. डोक्याची पुढून मागे लांबी २०६ मिलिमीटर आली आणि कानांच्या वर, सर्वांत रुंद जागी, रुंदी १५१ मिलिमीटर आली. तेवढ्याच ५८ सेंटीमीटर घेराचे दुसरे डोके १९२ मिलिमीटर लांब आणि १६६ मिलिमीटर रुंद असू शकते. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की मिळणारा निर्देशांक माझ्या बाबतीत ७३ येतो, तर त्या दुसऱ्या डोक्याचा ८६. फितीच्या लेखी मात्र ही दोन्ही डोकी एकच. दुकानातले हेल्मेट बहुधा या दोहोंच्या मधल्या लंबगोलासाठी घडवलेले असते, त्यामुळे लांबट डोक्याला ते पुढे आणि मागे रुतते व बाजूंना सैल पडते, आणि गोल डोक्याला नेमके याच्या उलट होते.

सुरक्षेच्या चाचण्याही या अडचणीतून पूर्णपणे सुटलेल्या नाहीत. हेल्मेटची आघातचाचणी माणसाच्या नव्हे, तर डोक्याच्या ठरावीक प्रतिकृतीवर होते. या प्रतिकृतींचे वर्णन करणाऱ्या ईएन ९६० या युरोपीय मानकात त्यांचे घेर सुमारे ५०० मिलिमीटरपासून सुमारे ६२० मिलिमीटरपर्यंत दिलेले आहेत, म्हणजे प्रतिकृती लहानमोठ्या आहेत, पण लांबट आणि गोल अशा वेगवेगळ्या नाहीत. सर्व माणसांना एकच आकार लागू पडत नाही हे मोठ्या प्रमाणावरच्या मोजणीतूनही पुढे आले आहे. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात रॉजर बॉल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'साइझ चायना' या प्रकल्पात चिनी प्रौढांच्या डोक्यांचे त्रिमित स्कॅन घेतले गेले, तेव्हा ती डोकी पाश्चात्त्य नमुन्यांच्या तुलनेत अधिक गोल आणि कपाळाशी व मागच्या बाजूला अधिक सपाट असल्याचे दिसले. माझे डोके सरासरीच्या दुसऱ्या टोकाला आहे एवढाच फरक.

फटीचा आणि सुरक्षेचा संबंध समजून घेण्यासाठी हेल्मेट काम कसे करते हे थोडे पाहावे लागते. बाहेरचे कडक कवच आघात पसरवते आणि टोकदार वस्तूला आत येऊ देत नाही, पण धक्का शोषण्याचे मुख्य काम त्याच्या आतला थर्माकोलचा जाड थर करतो. तो स्वतः चिरडला जातो आणि त्या चिरडण्यात डोके थांबायला काही मिलिमीटर अंतर मिळते. युरोपातील ईसीई २२ या नियमातील एका चाचणीत हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने आपटले जाते आणि आतल्या प्रतिकृतीला गुरुत्वाकर्षणाच्या २७५ पटींहून जास्त त्वरण जाणवता कामा नये अशी अट असते. २७५ पट ही कमाल क्षणाची मर्यादा आहे, सरासरी त्याहून कमी राहते. या वेगातून डोके सरासरी १५० पटींच्या मर्यादेत थांबवायचे असेल तर साध्या गणिताने सुमारे १९ मिलिमीटर अंतर लागते. डोके आणि थर यांच्यात जिथे मोकळी फट आहे तिथे ते अंतर थर चिरडण्यात खर्च होत नाही. डोके आधी मोकळे पुढे सरकते आणि मग थरावर आदळते. शिवाय सैल हेल्मेट आघाताच्या क्षणी नेमके ज्या जागी असायला हवे तिथून फिरलेले किंवा वर सरकलेले असू शकते. त्यामुळे हेल्मेट अंगासरशी बसणे हा सुरक्षेचाच भाग आहे, अशी माझी खात्री झाली.

स्कॅनची तयारी केसांपासून सुरू झाली. संरचित प्रकाशाचा स्कॅनर पृष्ठभागावर पट्ट्यांची नक्षी टाकतो, त्या पट्ट्या उंचसखल भागावर कशा वाकतात हे कॅमेरा शेजारच्या कोनातून टिपतो आणि प्रक्षेपक, कॅमेरा व पृष्ठभाग यांच्या त्रिकोणातून प्रत्येक बिंदूचे अंतर काढले जाते. त्वचेवर हे उत्तम चालते. काळे केस मात्र प्रकाश गिळतात, सुटे केस तो इतस्ततः विखुरतात आणि पडद्यावर डोक्याच्या जागी भोके आणि काटेरी गोंधळ उरतो. म्हणून फिक्या रंगाची, घट्ट, ताणली जाणारी टोपी घालावी लागते. माझे केस लांब आहेत. मी अंबाडा घालून गेले नव्हते, पण वेणीचे काय करायचे यावर आमची बरीच चर्चा झाली. "रोज हेल्मेटखाली केस जसे ठेवता, तसेच आत्ता ठेवा," असे तंत्रज्ञ बाईंनी सांगितले, आणि मला वाटते की संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत महत्त्वाचा सल्ला होता. वेणी मानेपाशी, हेल्मेटच्या कडेच्या खाली सुरू होईल अशी घातली आणि वरचे केस सपाट विंचरून टोपीखाली दाबले. तरीही टोपीखाली केसांचा एक थर राहतोच, आणि त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. ती जाडी त्यांनी काही ठिकाणी टोपीवरून कॅलिपर हलकेच दाबून आणि नंतर जोराने दाबून अशी दोनदा मोजली आणि फरक लिहून ठेवला. स्कॅनर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक असतो असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे, पण तो टोपीचा पृष्ठभाग अचूक मोजतो. टोपीखाली कवटी कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते.

मग मला पाठ सरळ ठेवून, समोरच्या भिंतीवरील खुणेकडे पाहत बसवले. डोके पुढे झुकलेले किंवा मागे कललेले असेल तर हेल्मेट कोणत्या कोनात बसवायचे हेच ठरत नाही, म्हणून डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत आणतात. मानवशास्त्रज्ञांनी १८८४ साली फ्रँकफर्ट येथे कवटी मोजण्यासाठी मान्य केलेली ही पातळी आजही वापरली जाते. दात हलके मिटलेले, जीभ सैल, चेहरा निर्विकार, अशी सूचना होती, कारण जबडा आवळला की गालाचे आणि कानशिलाचे स्नायू फुगतात. चष्मा काढायचा होता. त्याच्या काड्या कुठून जातात हे मात्र आधी त्वचेवर पेन्सिलीने आखून घेतले. तंत्रज्ञ बाई हातातला स्कॅनर घेऊन माझ्याभोवती संथपणे फिरल्या. पडद्यावर माझे डोके तुकड्यातुकड्याने उमटत गेले, आणि कानामागच्या खळग्यात व हनुवटीखाली जिथे प्रकाश पोहोचला नव्हता तिथे राहिलेली भोके भरण्यासाठी त्यांना पुन्हा फिरावे लागले. हा सगळा भाग काही मिनिटांत उरकला.

त्यानंतर मी त्यांच्या शेजारी बसून पडद्यावरचे काम पाहिले, आणि मला सर्वाधिक शिकायला मिळाले ते तिथे. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले तुकडे एकमेकांशी जुळवणे, भटके बिंदू काढणे आणि छोट्या जाळीने पृष्ठभाग बंद करणे ही कामे संगणक बऱ्याच अंशी आपोआप करतो. पण जुळवणी बिनसली तर डोके एखाद्या मिलिमीटरने रुंद होते आणि ते डोळ्यांना कळत नाही. म्हणूनच सुरुवातीची कॅलिपरची मापे पुन्हा उपयोगी पडली. पडद्यावरील डोक्याची लांबी-रुंदी त्या आकड्यांशी पडताळली आणि टोपी व केस यांच्या जाडीचा हिशेब लावल्यावर ती जुळली. हाताने घेतलेले माप इथे यंत्राचा साक्षीदार म्हणून उभे होते. जिथे ही पडताळणी होत नाही तिथे मी स्कॅन करून घेणार नाही.

माझे डोके एका बाजूने, उजवीकडे मागच्या भागात, किंचित सपाट आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर दिसले. असा थोडा असमतोल बहुतेक डोक्यांत असतो. तयार हेल्मेट अर्थातच दोन्ही बाजूंनी सारखे असते, त्यामुळे डाव्या बाजूचा दाब आणि उजव्या बाजूची पोकळी या दोन्ही गोष्टी मी आजवर वाईट माप म्हणून सोसत आले होते. कारखान्याच्या नेहमीच्या मापाचे अस्तर माझ्या स्कॅनवर चढवून त्यांनी रंगांचा नकाशा दाखवला. जिथे अस्तर डोक्यात घुसत होते तिथे लाल आणि जिथे मोकळे होते तिथे निळा. कपाळाच्या मध्यावर गडद लाल ठिपका होता. कितीतरी काळ नुसते 'टोचते' म्हणून सांगितलेली गोष्ट अशी नेमक्या जागी उमटलेली पाहून मला मोठा दिलासा मिळाला.

पुढचा प्रश्न असा की, डोक्याचा हा आकार आतून जसाच्या तसा कोरला तर चांगले हेल्मेट होते का? होत नाही, आणि त्याची कारणे ऐकण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटचे तोंड डोक्याच्या सर्वांत रुंद भागापेक्षा अरुंद असते. आतला भाग सगळीकडे कडक आणि तंतोतंत केला तर ते डोक्यात घालताच येणार नाही किंवा कान सोलवटून निघतील. म्हणून गाल, कान आणि मानगुटीपाशी दबणाऱ्या गाद्याच हव्यात, आणि अचूक कोरीवकाम वरच्या भागापुरते ठेवावे लागते. दुसरे म्हणजे डोके सगळीकडे सारखा दाब सहन करत नाही. टाळूच्या आसपास आणि डोक्याच्या बाजूंना घट्टपणा चालतो, पण कपाळाच्या मध्यावर आणि कानशिलांवर, जिथे त्वचेखाली लगेच हाड किंवा रक्तवाहिनी आहे, तिथे थोडाही दाब काही काळाने डोकेदुखी बनतो. म्हणून गादीचा स्पंज कुठे किती मिलिमीटर दबलेला असावा हे जागोजागी वेगळे ठरवले जाते. हे ठरवण्याचे सूत्र संगणकात असते, पण तंत्रज्ञ बाई ते माझ्या उत्तरांप्रमाणे बदलत होत्या. डोके दुखते तेव्हा कुठून सुरू होते, किती वेळाने, हेल्मेट काढल्यावर किती वेळ राहते, असे त्यांचे प्रश्न होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मापाला बसवण्यासाठी थर्माकोल हवा तितका कोरता येत नाही. वर सांगितलेले १९ मिलिमीटरचे गणित इथे भिंतीसारखे आडवे येते. थर अतिशय पातळ झाला तर तो पूर्ण चिरडून संपतो आणि उरलेला धक्का सरळ डोक्याला बसतो. म्हणून प्रत्येक कवचासाठी थराची किमान जाडी ठरलेली असते आणि रेखाटनाची प्रणाली तिच्या खाली जाऊच देत नाही. माझ्या डोक्याच्या लांबीमुळे लहान कवचात मागच्या बाजूला ही मर्यादा ओलांडली जात होती, त्यामुळे एका मापाने मोठे कवच घ्यावे लागले आणि हेल्मेट थोडे जडही झाले. मला हलके हेल्मेट हवे होते, तरी या जागी तडजोड झाली नाही याचे समाधान आहे.

याच ठिकाणी प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. आघातचाचणीत हेल्मेट नष्ट होते, म्हणून एकुलते एक बनवलेले हेल्मेट तपासून मग ते गिऱ्हाइकाला देणे शक्यच नाही. यावर उपाय म्हणून रेखाटनाच्या दोन टोकांची चाचणी घेतली जाते. ज्या मर्यादेत आतला आकार बदलू दिला जाईल तिचे सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड रूप तपासायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचे हेल्मेट त्या दोहोंच्या मध्येच राहील याची खबरदारी घ्यायची. मी हे स्पष्ट विचारले आणि माझे रेखाटन त्या मर्यादेत कुठे बसते ते पाहूनच संमती दिली. मापाचे हेल्मेट करून घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते, कारण दुकानातल्या तयार हेल्मेटमधून कोणीतरी घरीच थर्माकोल खरवडून जागा करणे आणि हे काम यांत फरक आहे तो याच मर्यादेचा.

प्रत्यक्ष घडवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. थर्माकोलचे अस्तर एरवी वाफेच्या साच्यात मणी फुगवून करतात. एका माणसासाठी वेगळा धातूचा साचा करणे परवडत नाही, म्हणून जाड घेतलेले तयार अस्तर संगणकचालित यंत्रावर आतून कोरले गेले. काही निर्मात्यांनी याऐवजी पॉलिअमाइडची, म्हणजे नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी त्रिमित छपाईने बनवली आहे आणि तीच धक्का शोषते. माझ्या हेल्मेटमध्ये कोरलेल्या थरावर एक सरकता पातळ थरही होता. आघात तिरका असेल तर डोके नुसते थांबत नाही, ते गरकन फिरते, आणि या फिरण्यामुळे मेंदूतील ऊती ताणल्या जातात हे ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्येच मांडले होते. स्वीडनमधील न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हाल्डिन यांच्या कामातून आलेली 'मिप्स' ही रचना हेल्मेटला डोक्याच्या तुलनेत १० ते १५ मिलिमीटर सरकू देते. मापाच्या हेल्मेटमध्ये एक अडचण अशी की, गाद्या चुकीच्या जागी पक्क्या केल्या तर हा थर जखडला जातो. माझ्या गाद्या म्हणून त्या सरकत्या थरावरच बसवलेल्या आहेत.

हेल्मेट आल्यावर ते लगेच घरी नेता आले नाही, आणि तसे नेऊही नये. हनुवटीचा पट्टा आवळून ते दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवले, तेव्हा कपाळाची त्वचा हेल्मेटबरोबर हलली, म्हणजे ते त्वचेवरून घसरत नव्हते. मग मागच्या कडेला धरून पुढच्या बाजूला उपटून काढण्याचा प्रयत्न केला. ते निघाले नाही. त्यानंतर मला ते घालून बराच वेळ नुसते बसवून ठेवले आणि काढल्यावर कपाळ तपासले. एकसारखी फिकट लाली होती, एका जागी गडद खूण नव्हती. कपाळाच्या दाबाचा प्रश्न सुटला होता.

पण मी दुचाकीवर वाकून बसते तशी वाकले आणि समोर पाहिले, तेव्हा मानगुटीवर हेल्मेटची मागची कड दाबू लागली. स्कॅन ताठ बसून घेतला होता, आणि वाकून वर पाहताना मानेमागची त्वचा व स्नायू दुमडून उंचावतात, हे त्यात कुठेच आलेले नव्हते. डोक्याचे हाड बसण्याच्या पद्धतीने बदलत नाही, मान मात्र बदलते. तंत्रज्ञ बाईंनी मला त्याच स्थितीत ठेवून मानेच्या भागाचा पुन्हा स्कॅन घेतला आणि थर्माकोलला हात न लावता फक्त मागची गादी खालच्या कडेला पातळ करून दिली. चष्म्याच्या काड्यांसाठी गालाच्या गाद्यांत खाचाही त्याच वेळी आखलेल्या रेषेवर थोड्या सरकवल्या. दुचाकीवर ज्या बैठकीत आपण बसतो त्या बैठकीतला एक स्कॅन सुरुवातीलाच घ्यावा, असे मी त्यांना सुचवले आणि ते त्यांना पटले.

आता वापराला बराच काळ झाला आहे. गाद्या वापराने दबतात, म्हणून पहिल्या आठवड्यांतला घट्टपणा कमी झाला. तो तसा होणार हे गृहीत धरूनच त्या किंचित जाड केल्या होत्या. मान वळवताना हेल्मेट डोक्याबरोबरच वळते आणि लांबच्या प्रवासानंतरची डोकेदुखी थांबली आहे. मात्र हे हेल्मेट अधिक वेगाचा आघात झेलेल असे मी समजत नाही. थर तोच आहे, नियमही तोच. तो थर माझ्या डोक्याला सर्व बाजूंनी टेकलेला आहे, एवढेच मला मिळाले आणि तेच हवे होते. मागच्या आसनावर बसणाऱ्या कोणाला हे हेल्मेट मी देत नाही, कारण माझ्या डोक्यावर नेमके बसणारे हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर तयार हेल्मेटपेक्षाही वाईट बसू शकते. तिच्यासाठी किंवा त्याच्यासाठी वेगळे, त्यांच्या मापाचे साधे हेल्मेट बरोबर असते.

स्कॅनच्या फाइलचा निर्णय शेवटी माझ्याकडे आला. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटसाठी गाल आणि हनुवटी मोजावीच लागते, त्यामुळे त्या फाइलमध्ये माझा चेहरा ओळखता येईल इतका तपशील आहे. काम झाल्यावर डोळे, नाक आणि ओठ यांचा भाग कापून टाकावा, उरलेला आकार माझ्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कशासाठीही वापरू नये आणि मला त्याची प्रत द्यावी, असे मी मागितले आणि ते मान्य झाले. आकार जपून ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे. एकदा जोराचा आघात बसला की थर्माकोल आतून चिरडलेला राहतो, बाहेरून कवच शाबूत दिसले तरी ते हेल्मेट बदलावेच लागते, आणि तशी वेळ आली तर नवे अस्तर याच स्कॅनवरून कोरता येईल.